अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातून घटस्फोटाची प्रमाणित प्रत कशी मागवायची

माझा घटस्फोट 2016 साली कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत झाला. 2019 मध्ये मी पुण्याला परत आले आणि 2022 मध्ये दुसऱ्या लग्नासाठी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायला गेले. वकिलाने तेव्हा दिलेली जजमेंटची प्रत मी जपून ठेवली होती. पहिल्या पानावर कोर्टाचा 'फाइल्ड' असा शिक्का होता, न्यायाधीशांची सही होती. मला वाटलं, एवढं पुरे. खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "ही झेरॉक्स झाली. कोर्टाने प्रमाणित केलेली प्रत कुठंय?"

ती प्रत हातात यायला मला साडेतीन महिने लागले. आता जे कळतं ते तेव्हा कळलं असतं, तर पाच-सहा आठवड्यांत काम झालं असतं. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणींना हीच वाट दाखवली, म्हणून आता सगळं एका जागी लिहिते आहे. पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढायचं असो, माहेरचं आडनाव परत घ्यायचं असो, दुसरं लग्न असो की इथल्या कौटुंबिक न्यायालयातलं काम असो, मूळ कागद हाच लागतो.

1. केस ज्या काउंटीत दाखल झाली, तिथेच कागद आहे

अमेरिकेत घटस्फोट हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे आणि फाइल राहते काउंटीच्या पातळीवरच्या कोर्टात. फेडरल कोर्टांच्या पेसर या संकेतस्थळावर तो सापडत नाही. भारतीय दूतावासाकडे नसतो. लग्न सांगलीला झालं की न्यू जर्सीला, यानेही फरक पडत नाही. केस कुठे दाखल झाली एवढंच बघायचं. तुम्ही तेव्हा राहत होता ती काउंटी आणि केस दाखल झालेली काउंटी वेगळी असू शकते, विशेषतः दोघं आधीच वेगळे राहायला लागले असतील आणि समोरच्याने अर्ज केला असेल तर. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो म्हणजे सांता क्लारा काउंटी, पण फ्रीमॉन्ट अलमेडा काउंटीत येतं. मधे पंधरा-वीस मिनिटांचं अंतर असलं तरी कोर्टं पूर्ण वेगळी आहेत.

कोर्टाचं नाव राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टन राज्यात सुपीरियर कोर्ट. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि प्रत देणारा अधिकारी म्हणजे त्या काउंटीचा डिस्ट्रिक्ट क्लार्क. इलिनॉयमध्ये सर्किट कोर्ट. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट 'सुप्रीम कोर्ट' देतं, पण ते नावाला सुप्रीम; कागद मिळतात काउंटी क्लार्ककडे. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोबेट अँड फॅमिली कोर्ट.

बरेच जण इथे राज्याच्या आरोग्य खात्याला लिहून वेळ घालवतात, कारण जन्माचा दाखला तिथून मिळतो. टेक्सासचं खातं 1968 नंतरच्या घटस्फोटांसाठी फक्त नोंद असल्याचं पत्र देतं. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे तर 1962 ते जून 1984 एवढ्याच काळाची नोंद आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या काहीच कामाची नाही. अशा पत्राने किंवा दाखल्याने डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या कागदाची, जागा भरून निघत नाही. मीही आधी तिकडेच लिहिलं होतं आणि त्यात पहिला महिना गेला.

2. कुठला कागद हवा, त्याचं नाव नेमकं लिहा

'डिव्होर्स सर्टिफिकेट पाठवा' असं लिहिलंत तर क्लार्क गोंधळतो किंवा भलताच कागद पाठवतो. कॅलिफोर्नियात त्या कागदाचं नाव 'जजमेंट', फॉर्म क्रमांक एफएल-180. टेक्सासमध्ये 'फायनल डिक्री ऑफ डिव्होर्स'. मॅसॅच्युसेट्समध्ये आधी 'जजमेंट नायसाय' निघतं आणि त्यानंतर 90 दिवसांनी घटस्फोट पक्का होतो, म्हणून तिथे घटस्फोट पक्का झाल्याचा, म्हणजे 'ॲब्सोल्यूट' असं लिहिलेला दाखला मागायचा.

प्रतींचे प्रकार समजून घ्या, कारण माझं घोडं इथेच अडलं होतं. साधी प्रत म्हणजे झेरॉक्स. 'एंडॉर्स्ड फाइल्ड' प्रतीवर दाखल झाल्याचा शिक्का असतो. ती अधिकृत दिसते, पण प्रमाणित नसते. वकील पक्षकाराला सहसा हीच देतात आणि आपण ती वर्षानुवर्षं मूळ प्रत समजून कपाटात ठेवतो. 'सर्टिफाइड' प्रतीवर क्लार्कचं निवेदन असतं की ही मूळ कागदाची खरी आणि पूर्ण प्रत आहे, आणि त्याखाली सही, तारीख, कोर्टाची मोहोर. आपल्याला ही हवी. याच्याही वर 'एक्झेम्प्लिफाइड' नावाची प्रत असते, तिच्यावर क्लार्कबरोबर न्यायाधीशही सही करतात. ती कोणी स्पष्ट मागितली असेल तरच घ्या.

3. केस नंबर शोधा

केस नंबर हाताशी असेल तर पुढचं सगळं सोपं. जुन्या कागदांवर वर उजवीकडे तो छापलेला असतो. सांता क्लारात वर्षाचे दोन आकडे, मग एफएल ही अक्षरं, मग क्रमांक. न्यू जर्सीत एफएमने सुरुवात होते आणि त्यापुढचा आकडा काउंटी सांगतो: 12 असेल तर मिडलसेक्स, म्हणजे एडिसनकडची मंडळी. कागद नसतील तर वकिलाचे जुने ईमेल चाळा, विषयाच्या ओळीत नंबर असतो. मला माझा तिथेच सापडला.

तेही नसेल तर कोर्टाच्या संकेतस्थळावर नावाने शोधायचं. आपली नावं इथे फार दगा देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. अमेरिकन फॉर्म भरताना ते कधी मधल्या रकान्यात जातं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी वगळलं जातं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अख्खं नाव आडनाव म्हणून चढतं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही', असं येतं. त्यात आपल्या उच्चारांची इंग्रजी स्पेलिंगं: वाघ व्हीने की डब्ल्यूने, क्षीरसागर के-एसने की एक्सने, शिंदेच्या शेवटी एक ई की दोन. त्यामुळे एकदा शोधून 'नोंद सापडली नाही' आलं की हात टेकू नका. या क्रमाने बघा:

- तुमचं सासरचं आडनाव, मग माहेरचं, मग दोन्ही जोडून.
- समोरच्याचं नाव. नोंद दोघांच्या नावाने असते. अर्ज करणारा 'पिटिशनर' आणि दुसरा 'रिस्पॉन्डंट'. पुरुषांचं नाव लग्नाने बदललेलं नसतं, म्हणून बऱ्याचदा तिकडूनच पटकन सापडतं.
- मधलं नाव आडनाव समजून.
- फक्त आडनाव आणि दाखल झाल्याचं वर्ष. निकालाचं वर्ष नको, कारण दोन्हींत एक-दोन वर्षांचं अंतर पडू शकतं.

नोंद सापडली, पण कागद उघडत नाही, असं झालं तर घाबरू नका. कॅलिफोर्नियात कौटुंबिक खटल्यांचे कागद सर्वसामान्यांना घरबसल्या संगणकावर दाखवत नाहीत. यादी दिसते, कागद कोर्टात जाऊनच बघायचे असा नियमच आहे. मला वाटलं होतं, माझीच फाइल हरवली. दोन रात्री झोप नव्हती.

ऑनलाइन काहीच सापडलं नाही तर क्लार्कला शोध घ्यायला सांगता येतं. दोघांची पूर्ण नावं, स्पेलिंगचे सगळे पर्याय आणि वर्षांचा अंदाज द्यायचा. कॅलिफोर्नियात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर शोधाचे 15 डॉलर घेतात.

नाव टाकताच 'तुमचा रेकॉर्ड सापडला, कार्ड नंबर द्या' म्हणणाऱ्या खासगी साइट्सपासून लांब राहा. पैसे घेऊन त्या तीच जुजबी माहिती देतात, प्रमाणित प्रत त्यांच्याकडे नसतेच. कॅलिफोर्नियातल्या कोर्टांच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा 'डॉट गव्ह' किंवा 'डॉट ऑर्ग' असतं. खात्री नसेल तर राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या मुख्य पानावरून काउंटीच्या दुव्यावर जा.

4. भारतात वापरायचं असेल तर आणखी दोन-तीन कागद त्याच वेळी मागवा

हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या लेखात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

अमेरिकेतला निकाल भारतात आपोआप मान्य होतो असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मध्ये परदेशी निकाल कधी मानला जाणार नाही ते दिलं आहे: कोर्टाला अधिकार नसेल, गुणवत्तेवर निर्णय नसेल, नैसर्गिक न्याय पाळला नसेल, फसवणूक असेल, वगैरे. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या 1991 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिंदू लग्नांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट केलं. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यात असलेल्या कारणावर घटस्फोट हवा, शिवाय समोरची व्यक्ती तिथेच कायमची राहणारी हवी किंवा तिने त्या कोर्टाचा अधिकार आपणहून मान्य करून भाग घेतलेला हवा; नाहीतर घटस्फोटाला समोरच्याची संमती हवी. कॅलिफोर्नियातले बहुतेक घटस्फोट 'न जुळणारे मतभेद' या कारणावर होतात, आणि हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. म्हणजे दोघं सामील होते हे कागदावर दिसणं किती गरजेचं आहे, ते लक्षात येईल.

म्हणून जजमेंटबरोबर हेही बघा: समोरच्याने दिलेलं उत्तर, म्हणजे 'रिस्पॉन्स', कॅलिफोर्नियात एफएल-120. उत्तर दिलं नसेल पण समझोता झाला असेल तर दोघांच्या सह्यांचा समझोत्याचा करार आणि हजेरीचा एफएल-130 हा फॉर्म. तेही नसेल तर निदान नोटीस मिळाल्याचा पुरावा, एफएल-115. दोघांनी सह्या केल्या असतील तर तुमची बाजू भक्कम आहे. निकाल एकतर्फी लागला असेल तर प्रत मागवण्याआधी इथल्या कौटुंबिक वकिलाशी बोला. कदाचित वैवाहिक स्थिती जाहीर करून घेण्यासाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करावा लागेल, आणि मग आणखीही कागद लागतील.

एक सावधगिरी. 'पूर्ण फाइल पाठवा' असं लिहू नका. त्यात बँक खाती, मुलांचा ताबा, कधी एकमेकांवरचे आरोप, सगळं असतं. विवाह नोंदणीच्या टेबलावर ते उघडं पडायची काही गरज नाही. शिवाय पानागणिक पैसे जातात.

5. अर्ज, फी आणि तिकडे एक विश्वासाचं माणूस

लागणाऱ्या गोष्टी:

- काउंटीच्या कोर्टाचा प्रत मागवण्याचा फॉर्म. नसेल तर साधं पत्र
- केस नंबर, दोघांची नावं, दाखल आणि निकालाचं वर्ष
- हव्या असलेल्या कागदांची नावं आणि प्रत्येकाच्या किती प्रती
- पासपोर्टची प्रत
- डॉलरमधला चेक किंवा मनी ऑर्डर
- स्वतःचा पत्ता लिहिलेलं, अमेरिकन तिकीट लावलेलं परतीचं पाकीट

शेवटच्या दोन गोष्टी पुण्यात बसून जमत नाहीत, म्हणून तिकडे कोणीतरी लागतं. माझी मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत सॅन होजेच्या नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरच्या फॅमिली जस्टिस सेंटरमध्ये गेली आणि प्रत घेऊन बाहेर आली. त्याआधी टपालाने पाठवलेला माझा अर्ज मात्र तिकीट नसलेल्या पाकिटामुळे पडून राहिला होता. माणूस नसेल तर कोर्टातून कागद आणून देणाऱ्या सेवा असतात. त्यांना आधीच विचारा की सांगितलेल्या रकमेत कोर्टाची फी धरली आहे का.

कॅलिफोर्नियात घटस्फोटाच्या जजमेंटची प्रमाणित प्रत 15 डॉलरला मिळते. बाकीच्या कागदांना पानामागे 50 सेंट आणि प्रत्येक कागद प्रमाणित करायचे 40 डॉलर. फी बदलते, म्हणून पाठवण्यापूर्वी कोर्टाचा फीचा तक्ता बघून घ्या. पानं किती आहेत हे माहीत नसेल तर चेकवर रक्कम मोकळी ठेवून 'अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही' असं लिहायची तिथे पद्धत आहे. ती मर्यादा न लिहिता कोरा चेक देऊ नका.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. तिथे घटस्फोटाच्या फाइली बाहेरच्यांना 100 वर्षं बंद असतात. प्रत फक्त पक्षकाराला किंवा त्याच्या वकिलाला मिळते. मैत्रिणीला पाठवायचं असेल तर तुमचं नोटरी केलेलं अधिकारपत्र लागेल. काउंटी क्लार्कला कुठली नोटरी चालेल ते आधी विचारा. मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन नोटरी करता येते, एका शिक्क्याचे 50 डॉलर.

जुनी केस असेल तर फाइल गोदामात किंवा मायक्रोफिल्मवर असते आणि काही आठवडे जादा लागतात. लग्नाची तारीख ठरवण्याआधी हा वेळ धरा. विशेष विवाह कायद्याच्या नोटिशीचे 30 दिवस वेगळेच.

आणि प्रती दोन मागवा. इथे एक प्रत कुठल्यातरी फाइलला लागते आणि परत येत नाही.

6. अपोस्टील

परदेशी कागद खरा आहे हे सांगणारा हा शिक्का. अमेरिका 1981 पासून आणि भारत 2005 पासून हेग अपोस्टील करारात आहेत, त्यामुळे तिथलं अपोस्टील इथे चालतं. काउंटी कोर्टाच्या कागदावर ते बहुतेक राज्यांत त्या राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट देतो. वॉशिंग्टन डीसीचं परराष्ट्र खातं फक्त फेडरल कागदांवर देतं, तिकडे पाठवलंत तर परत येईल.

कॅलिफोर्नियात टपालाने सॅक्रामेंटोला पाठवायचं. कागदामागे 20 डॉलर. स्वतः खिडकीवर दिलंत तर प्रत्येक सहीमागे 6 डॉलर जास्त. सोबतच्या पत्रात कुठल्या देशासाठी हवं ते लिहायचं: भारत. खरी मेख सहीत आहे. राज्याच्या कार्यालयाला क्लार्कची सही ओळखता आली पाहिजे, आणि कोर्टातल्या प्रत्येक कनिष्ठ कर्मचाऱ्याची सही तिथे चालत नाही. म्हणून प्रमाणित प्रत मागतानाच 'अपोस्टीलसाठी, भारतात वापरायला' असं लिहा, म्हणजे योग्य अधिकाऱ्याची सही मिळते. माझ्या पहिल्या प्रतीवर ती नव्हती आणि सॅक्रामेंटोहून पाकीट तसंच परत आलं. त्यात आणखी पाच आठवडे गेले.

न्यूयॉर्कमध्ये आधी काउंटी क्लार्कचं प्रमाणपत्र आणि मग राज्याचं अपोस्टील, अशा दोन पायऱ्या असतात.

इथले काही एजंट सांगतात की अमेरिकन अपोस्टीलवर दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचाही शिक्का लागतो. लागत नाही. मंत्रालय भारतात निघालेल्या कागदांवर अपोस्टील देतं. मला यासाठी चार हजार रुपये सांगितले होते.

7. प्रत हातात आल्यावर

स्टेपल काढू नका. स्कॅन करायलाही नाही. पानं सुटी झाली की प्रत बदलली अशी शंका घेता येते आणि अपोस्टील नाकारलं जाऊ शकतं. पानं दुमडून मोबाइलने फोटो काढा.

मग वाचा. स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का? मोहोर उमटली आहे का? सगळी पानं आली का? तारखा नीट बघा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे 04/07 म्हणजे एप्रिलची 7 तारीख. आपल्याकडचा वाचणारा ती 4 जुलै समजतो. भारतातल्या फॉर्मवर महिना अक्षरात लिहा. एफएल-180 वर दोन तारखाही असतात: एक जजमेंट दाखल झाल्याची आणि एक वैवाहिक नातं संपल्याची. कॅलिफोर्नियात नोटीस मिळाल्यापासून किमान सहा महिने थांबावं लागतं, म्हणून दुसरी तारीख बरीच पुढची असू शकते. घटस्फोटाची तारीख म्हणून तीच लिहायची.

माहेरचं नाव परत मिळाल्याचा उल्लेख जजमेंटमध्ये आहे का तेही बघा. राहिला असेल तर कॅलिफोर्नियात एफएल-395 हा फॉर्म नंतर कधीही भरता येतो, समोरच्याला विचारायची गरज नसते. मी तो सहा वर्षांनी भरला. त्या आदेशाचीही प्रमाणित प्रत घ्या. पासपोर्टच्या वेळी दोन्ही कागद एकत्र ठेवले की आडनाव का बदललं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिकडून इकडे पाठवताना साधं टपाल नको. नंबर मिळणाऱ्या कुरिअरने, दोन प्रती दोन वेगळ्या दिवशी.